ओट्याची उंची

आमच्या स्वयंपाकघरात ओट्यासमोर एक पाट असतो. साधा सागवानी, चार कोपऱ्यांना पितळी फुलं ठोकलेला, त्यातली दोन केव्हाच निघून गेलेली. इस्लामपूरच्या घरी हा पाट जेवायला बसायचा होता. आता पुनावळ्यातल्या अकराव्या मजल्यावर आई त्याच्यावर उभी राहून भाकरी थापते. चढण्याआधी ती वाकून पाटाला हात लावते आणि तो हात कपाळाला टेकवते. ज्यावर बसून जेवलो त्यावर पाय द्यायचा म्हणून. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. नंतर कधी आलं नाही.

ज्या घरात हा पाट आहे त्या घराच्या इंटिरिअरवर मी ८ लाख ३६ हजार रुपये खर्च केले आहेत.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. वय २८. आमच्या ऑफिसात 'इंटिरिअर चालू आहे' हे वाक्य 'लग्न ठरलंय'च्या चालीवर सांगितलं जातं आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर अभिनंदन आणि सांत्वन यांचं तसंच मिश्रण उमटतं. अनुभवी लोक बाजूला घेऊन सल्ले देतात. मी ते सगळे सल्ले एका एक्सेल शीटमध्ये भरले. काम सुरू होण्याआधी तिच्यात ११२ ओळी होत्या. दाराच्या स्टॉपरसाठी एक ओळ होती. गादीची जाडी, वॉशिंग मशीनच्या पाइपाची लांबी, गीझरच्या खाली सोडायची जागा, सगळं होतं. चुका कशा टाळायच्या याची एवढी तयारी मी गेटच्या परीक्षेचीही केली नव्हती. (गेटमध्ये काय झालं ते इथे सांगण्याची गरज नाही.)

पैसे सगळे माझे नव्हते. बाबा साखर कारखान्यात ३४ वर्षं फिटर होते. निवृत्तीनंतर हातात आलेल्या रकमेतले चार लाख त्यांनी माझ्या खात्यात टाकले आणि फोनवर फक्त 'घराला लाव' एवढंच म्हणाले. हिशोब मागितला असता तर बरं झालं असतं. न मागितलेला हिशोब डोक्यात सारखा चालू राहतो. त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया व्हायची होती, गावातल्या घराला जिना होता, म्हणून दोघांनी कायमचंच माझ्याकडे यायचं ठरलं होतं. म्हणजे घर मी घेत होतो, पण दिवसभर राहणार ते दोघं होते. मी सकाळी नऊला बाहेर पडून रात्री आठला येणारा माणूस. हे वाक्य मी आज लिहितोय. तेव्हा ते कुठल्याच ओळीत नव्हतं.

एका इंटिरिअर कंपनीकडे काम दिलं. नाव सांगत नाही, कारण हिंजवडीच्या परिसरात अशा दहा सापडतील आणि मला वाटतं दहांचीही गोष्ट थोड्याफार फरकाने अशीच असेल. त्यांच्या काचेच्या ऑफिसात कॉफी मिळाली, मोठ्या पडद्यावर माझं घर दिसलं. थ्रीडी. बैठकीच्या खोलीत डावीकडून कोवळं ऊन येत होतं. मला ते इतकं आवडलं की आमच्या डावीकडे खिडकी नाही, लिफ्टची भिंत आहे, हे लक्षात यायला मला घरी जाऊन झोपून उठावं लागलं.

त्या चित्रातलं फर्निचरही थोडं अंग चोरून बसलेलं असतं. चित्रात पलंगाच्या तिन्ही बाजूंनी आरामात फिरता येत होतं. ताबा मिळाल्यावर पहिल्या रविवारी बाबा आले, रिकाम्या घरात फिरले, आणि खिशातून खडू काढला. कारखान्यातली सवय, खिशात खडू असतोच. म्हणाले, "मापं सांग." मी मोबाइलवर बघून सांगत गेलो, ते गुडघा धरून खाली बसत, फरशीवर रेघा ओढत गेले. पलंग सहा बाय साडेसहा. कपाट दोन फूट खोल. मग कपाटाचं दार उघडल्यावर त्याची कड कुठे येईल, त्याची कमान. झाल्यावर म्हणाले, "आता कपाटातनं शर्ट काढून दाखव."

मी रेघांच्या मधे उभा राहिलो. कपाटाचं दार उघडलं असतं तर मला पलंगावर बसावं लागलं असतं. दार बंद केल्यावर उठायचं, असा कार्यक्रम रोज. कपाटाला सरकती दारं करायची हे त्या खडूच्या रेघांवर ठरलं. बिल्डरच्या नकाशात स्वयंपाकघर आठ फूट होतं. फरशा लागल्यावर टेपने सात फूट दहा इंच भरलं. दोन इंच म्हणजे काहीच नाही, पण दोन इंचांनी फ्रीज आत जात नाही. फ्रीज आत गेला तरी त्याचं दार भिंतीला लागून काटकोनातच थांबलं, तर भाजीचा ट्रे बाहेर निघत नाही. आमचा निघत नाही. बाबा त्या दिवशी शयनगृहातच दमले, स्वयंपाकघरात खडू पोचला नाही. मीच म्हणालो, "तिथलं कंपनी बघते आहे." खडूने रेखाटलेल्या खोलीत एकही चूक झाली नाही. बाकीच्या सगळ्या चुका खडू न पोचलेल्या जागांमधल्या आहेत.

आता कोटेशनबद्दल. कोटेशन ५ लाख ८० हजारांचं होतं. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात, कर वेगळा. १८ टक्क्यांनी १ लाख ४ हजार ४०० रुपये तिथेच वाढले. तेवढ्यात बाबांच्या कारखान्यातल्या एखाद्या हंगामी कामगाराचं बरंच काही झालं असतं. मग हँडल वेगळी, मऊ बंद होणाऱ्या ड्रॉवरच्या पट्ट्या वेगळ्या, आतली ताटांची जाळी वेगळी. मला वाटत होतं मी स्वयंपाकघर विकत घेतोय. खरं तर मी खोकी घेतली होती आणि त्यांना स्वयंपाकघर बनवणारी प्रत्येक गोष्ट सुटी विकायला ठेवली होती. दर चौरस फुटाला होता, पण तो चौरस फूट समोरून दिसणाऱ्या दाराचा. एकाच्या कोटेशनमध्ये आतले कप्पे त्यात धरलेले, दुसऱ्याच्यात नाहीत. दोन कोटेशनांची तुलना मी दराने केली. दर ही सगळ्यात निरुपयोगी संख्या होती.

पण मला महाग पडली ती एक तिरपी रेघ. कोटेशनमध्ये लिहिलं होतं, 'कॅबिनेट : बीडब्ल्यूपी प्लाय / एचडीएचएमआर'. मी दिवसभर कोड वाचतो. एका चुकीच्या चिन्हाने काय होतं ते मला माहीत असायला हवं. मी त्या रेघेचा अर्थ 'आणि' असा घेतला. म्हणजे दोन्ही चांगल्या वस्तू वापरणार, वा. त्या रेघेचा अर्थ 'किंवा' असा होता, आणि कुठे काय हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा.

ज्यांना या अक्षरांचा त्रास अजून व्हायचा आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. प्लाय म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे, एकाचे धागे उभे तर दुसऱ्याचे आडवे, असे एकमेकांवर चिकटवलेले. दुकानदार ज्याला 'कमर्शियल' म्हणतात तो साधा एमआर प्लाय, ओल सहन करतो, पाणी नाही. मरीन प्लायचं मानक आयएस ७१०. त्याच्या चाचणीत तुकडा ७२ तास पाण्यात उकळतात आणि थर सुटता कामा नयेत. एचडीएचएमआर मात्र प्लाय नाही, तो लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबून केलेला बोर्ड. वाईट नाही. सरळ असतो, त्यावर फिनिश छान बसतं, दारांना मी आजही तोच घेईन. ओलही बऱ्यापैकी सोसतो. पण त्याची कड झाकलेली असेल तोवरच. कारखान्यातून येताना चारही कडांना पट्टी चिकटवलेली असते. मग जागेवर बसवताना सिंकचा पाइप बाहेर काढायला माणूस जिगसॉने तळाच्या बोर्डाला गोल भोक पाडतो. त्या भोकाच्या कडेला पट्टी नसते. तिथून पाणी आत जातं.

आमचं जुलैत गेलं. आई म्हणाली सिंकखालचं दार नीट लागत नाही. मी बिजागरीचे स्क्रू पिळले, लागलं. आठवड्याने परत नाही. बाबांनी आत डोकं घातलं, अंगठ्याने तळ दाबला, आणि काही न बोलता मला तिथे अंगठा ठेवायला सांगितलं. पावाच्या स्लाइसमध्ये रुतावा तसा रुतला. सगळ्या घरात पाण्याची खात्री असलेली जागा एकच, आणि नेमका तिथे त्या रेघेचा दुसरा भाग लावलेला. वॉरंटीचं विचारलं तर 'पाण्याने झालेलं नुकसान' वॉरंटीत नाही. सिंकखाली दुसरं कशाने होणार होतं कोण जाणे.

तो तळ शेवटी बाबांनी बदलला. दुकानातून मरीन प्लाय आणला, शिक्का आणि त्यावरचा ७१० आकडा चष्मा लावून वाचला, तरीही विश्वास न ठेवता एक तुकडा आईच्या जुन्या पातेल्यात चार तास उकळला. आई म्हणाली, "मीठ घाला, शिजलंय का बघा." थर सुटले नाहीत. भोकाच्या कडेला त्यांनी दोन वेळा रंग आणि वर सिलिकॉन लावलं. साहित्याचा खर्च दोन हजारांच्या आत. मी आता कोणी विचारलं तर एवढंच सांगतो की एका ओळीत दोन वस्तूंची नावं असतील तर ती ओळ फाडून दोन ओळी करा आणि प्रत्येक कपाटापुढे त्याचं लाकूड लिहून घ्या. लोकांना मी रंगांबद्दल काहीतरी सांगावं असं वाटत असतं.

भिंतींचीही एक गोष्ट आहे. आमची इमारत मायव्हान पद्धतीची. म्हणजे विटा नाहीत, अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेलं काँक्रीट, भिंतीसकट. बांधताना पटापट मजले चढतात आणि सेल्स ऑफिसात मजबुतीबद्दल खूप सांगतात. हे सांगत नाहीत की या भिंतीत तुम्हाला नंतर झिरी पाडता येत नाही. विटेच्या भिंतीत इलेक्ट्रिशियन तासाभरात झिरी काढून वायर नेतो आणि गवंडी ती बुजवतो. इथे भिंतच इमारतीचं वजन पेलते, तिच्यात सळ्या आहेत, तिला कापायला सोसायटीही परवानगी देत नाही आणि देऊही नये. जे पॉइंट साचा उभा करताना ठरले ते ठरले. म्हणजे माझ्या आईने मिक्सर कुठे फिरवायचा हे ठरलं तेव्हा मी कॉलेजात असेन.

आणि आईकडे फक्त मिक्सर नाही, घरघंटी आहे. दळण बाहेर देणं तिला पटत नाही. त्या घरघंटीचा प्लग मोठा, १६ अँपिअरचा. स्वयंपाकघरात असा पॉइंट दोन ठिकाणी होता. एक फ्रीजचा, एक मायक्रोवेव्हचा, जो आम्ही वर्षातून चार वेळा वापरतो आणि तोही पॉपकॉर्नसाठी. मायक्रोवेव्हला खास कपाट केलेलं, घरघंटीला जागाच नाही. ती आता मधल्या पॅसेजमध्ये बसते आणि दळण असलं की फ्रीज बंद होतो. कपाटाच्या मागून पट्टी घेऊन वायर फिरवता आली असती, पण कपाटं भिंतीला लागण्याआधी. वायरचा प्रश्न कपाटांच्या आधी विचारायचा असतो. मी नंतर विचारला.

धान्याचंही तेच. आम्ही ज्वारी पोत्याने घेतो, वर्षाची. चित्रातल्या स्वयंपाकघरात काचेच्या पावशेराच्या बरण्या ओळीने मांडल्या होत्या, त्यात पास्ता होता. आमच्या घरी कोठी आली. पत्र्याची, माझ्या कमरेएवढी. ती कुठल्याच कपाटात मावली नाही. डिझायनरने विचारलं होतं, "सर, स्टोरेजची काही स्पेशल रिक्वायरमेंट?" मी म्हणालो, "नाही, नॉर्मल." पोतंभर ज्वारी नॉर्मल आहे ना. माझ्यासाठी होतीच.

न्हाणीघरात मात्र थोडक्यात वाचलो. कंपनीने तिथल्या फरशा उखडून नव्या बसवण्याचा पर्याय दिला होता, चित्रात फार छान दिसत होतं. बिल्डरच्या साइट इंजिनिअरने, भला माणूस, मला खाली पार्किंगमध्ये गाठून सांगितलं की फरशी फोडलीत तर उद्या खालच्या घरात गळती झाल्यावर ती कोणाची याचा वाद होईल. रेरा कायद्याच्या १४व्या कलमाप्रमाणे बांधकामातला दोष ताब्यापासून पाच वर्षांच्या आत दाखवून दिला तर बिल्डरला तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यावा लागतो. हा हक्क मी हातोड्याने फोडायला निघालो होतो, वर त्याचे पैसे देऊन. त्याऐवजी बाबांसाठी कमोडशेजारी स्टीलचा दांडा लावला. काँक्रीटची भिंत त्या एका कामाला उपयोगी पडली. बाबा दोन्ही हातांनी त्याला लोंबकळून बघतात, अजूनही. छताला पीओपीचं छत करायचं तेही राहिलं, कारण बाबा म्हणाले, "छताला छत कशाला?" आणि मला खरंच उत्तर सुचलं नाही.

पैसे कसे गेले ते सांगायला हवं, कारण त्यात मूर्खपणा शुद्ध माझा. बुकिंगला १० टक्के. डिझाइन पक्कं झाल्यावर ५०. माल कारखान्यातून निघण्याआधी ४०. मला ही टप्प्यांची रचना फार शिस्तशीर वाटली. बाबांनी विचारलं, "म्हणजे मिस्त्री पहिला खिळा मारायच्या आधी शंभर टक्के?" मी म्हणालो, आता असंच असतं बाबा, सिस्टिम असते. बाबा गप्प बसले. त्यांचे चार लाख तेव्हा त्यांच्या तोंडावर आले असणार, पण बोलले नाहीत.

माल आला, दोन माणसं आठ दिवस राबली, आणि ९० टक्के काम झाल्यावर दुसऱ्या साइटवर गेली. राहिलेल्या गोष्टींची यादी मी केली, १४ होत्या. एका दाराचा रंग वेगळा, दोन ड्रॉवर तिरके, लॉफ्टचं दार आलंच नव्हतं. फोन केला की पलीकडून नम्र आवाज : "सर, टिकेट रेझ केलंय." तीन आठवडे. हे वाक्य मी स्वतः माझ्या कंपनीच्या ग्राहकांना किती वेळा लिहिलं असेल. त्यामागे बहुतेक वेळा काहीच घडत नसतं हेही मला चांगलं ठाऊक आहे. माझ्या हातात धरून ठेवायला एक रुपया उरला नव्हता. पाच-दहा टक्के यादी संपल्यावर देईन, असं सुरुवातीलाच लिहून घेतलं असतं तर त्या नम्र आवाजाला घाई झाली असती. विचारलं असतं तर कदाचित त्यांनी मान्यही केलं असतं. विचारायला मला लाज वाटली. त्यांच्याकडे कॉफी प्यायलो होतो.

तर ओटा.

आई-बाबा राहायला आल्यावर चार महिन्यांनी आईचा उजवा खांदा दुखायला लागला. आधी तिने सांगितलं नाही, मग तेल लावलं, मग वेणी घालताना हात वर जाईना तेव्हा सांगितलं. हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हात फिरवून पाहिला, औषध लिहिता लिहिता विचारलं, "स्वयंपाक कोण करतं? ओटा किती उंच आहे?"

मला पाठ होतं. "३४ इंच. स्टँडर्ड."

"आणि या किती उंच आहेत?"

मी आईकडे बघितलं. मला माहीत नव्हतं. २८ वर्षांत मला हा आकडा कधी लागला नव्हता. मला पलंगाची, फ्रीजची, लॉफ्टमध्ये जाणाऱ्या बॅगेचीही उंची माहीत होती. आई म्हणाली, "चार फूट दहा असेन." डॉक्टरांनी तिला उभं करून कोपर काटकोनात वाकवायला लावलं आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप धरली. ३६ इंच. काम करायची जागा कोपराच्या चार-पाच इंच खाली हवी, म्हणाले, आणि वरून जोर द्यायचा असेल तर आणखी खाली. लाटणं, थापणं, मळणं. नाहीतर प्रत्येक पोळीला खांदा वर उचलावा लागतो. ३४ इंचांवर शेगडी ठेवली की ती आणखी वर. आईला उकळत्या पातेल्यात काय चाललंय ते दिसतच नव्हतं. ती वासावर स्वयंपाक करत होती.

गाडीत मी विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? एवढा खर्च केलास. आणि पाट आहे की."

पाट तिने दुसऱ्याच दिवशी शोधून काढला होता. अडीच इंच उंच. जे माप कंपनीला, मला आणि ११२ ओळींना जमलं नाही ते तिने माळ्यावरच्या सामानातून काढून ओट्यासमोर ठेवलं होतं. मला वाटत होतं जुन्या सवयीने ठेवलाय.

मग मला आठवलं की डिझाइनची बैठक बुधवारी दुपारी ऑनलाइन झाली होती. आई इस्लामपूरला होती. मी तिला फोन स्पीकरवर लावला आणि विचारलं, "आई, तुला काय हवं?" ती म्हणाली, "तुला आवडेल ते कर." मी ते होकार म्हणून नोंदवलं. रंगाबद्दल विचारलं तर ती म्हणाली, "डाग दिसणार नाहीत असा." तिने स्पष्ट सांगितलेली ती एकमेव अपेक्षा. आमचं स्वयंपाकघर पांढरं आहे, चकचकीत. चित्रात फार छान दिसत होतं.

इस्लामपूरचा ओटा २००४ साली झाला. त्याआधी आई चुलीपुढे बसूनच करायची. मी तेव्हा लहान होतो, पण एक गोष्ट डोळ्यांपुढे आहे. गवंडी आला, त्याने आईला भिंतीशी उभं केलं, म्हणाला, "वहिनी, पीठ मळताय असं करा." आईने हवेत पीठ मळलं. लाजली. त्याने तिच्या हाताखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि त्या रेघेवर ओटा बांधला. त्याच्याकडे तक्ता नव्हता, सॉफ्टवेअर नव्हतं आणि त्याने स्टँडर्ड हा शब्द ऐकलेला असण्याची शक्यता कमी. त्या ओट्याची उंची मी परवा गावी गेलो तेव्हा मोजली. ३०.

मी यावरही लगेच काही केलं नाही, हेही लिहायला हवं. गोळ्यांनी खांदा थोडा बरा झाला. कंपनीला विचारलं तर म्हणाले सगळाच ओटा नवीन करावा लागेल, ९२ हजार. आई म्हणाली राहू दे. मला ते 'राहू दे' सोयीचं होतं. आणखी दोन महिने गेले. मग एका सकाळी चहाचं आधण घेऊन ती सिंककडे वळली आणि एक पाय पाटाच्या कडेवर पडला. पाट उलटला. मी मीटिंगमध्ये होतो, हेडफोन लावून. आवाज ऐकू आला नाही, बाबांची हाक ऐकू आली. आधण सगळं जमिनीवर आणि पांढऱ्या दारांवर सांडलं होतं. तिच्या पायावर चार थेंब. ती एका हाताने ओटा धरून उभी होती आणि म्हणत होती, "काही नाही, काही नाही, तू काम कर."

त्या दिवशी बाबांनी खालच्या पट्ट्या काढल्या. मॉड्युलर कपाटं जमिनीवर टेकलेली नसतात, चार इंची प्लास्टिकच्या पायांवर उभी असतात, पुढची पट्टी फक्त झाकायला. ते पोटावर पडून टॉर्चने बराच वेळ आत बघत होते. मग बाहेर येऊन म्हणाले की सगळा ओटा हलवायची गरज नाही. सिंक आहे तिथे राहू दे, तिथे उंचीच बरी, वाकावं लागत नाही. शेगडीचा आणि थापायचा मिळून चार फुटांचा तुकडा ग्रॅनाइट कापून वेगळा करायचा, खालच्या कपाटांचे पाय काढून एक इंचाची पट्टी द्यायची. तीन इंच खाली. मागच्या फरशीची तीन इंच उघडी पडेल ती झाकायला ग्रॅनाइटचीच पट्टी. मी म्हणालो पायरीसारखं दिसेल, विचित्र. आईने माझ्याकडे नुसतं बघितलं.

ग्रॅनाइटवाला ताथवड्याचा. साडेअठरा हजार म्हणाला, कापताना तुकडा फुटला तर जबाबदारी आपली, असंही म्हणाला. निम्मे आधी, निम्मे आईने त्यावर पहिली भाकरी थापल्यानंतर, असं मी म्हणालो. तो हसला, पण कबूल झाला. काल रात्री त्याचा फोन आला. "साहेब, रविवारी सकाळी येतो. उंची बरोबर किती ठेवायची ते पक्कं सांगा."

मी एक्सेल उघडलेलंच होतं, ३१ लिहिलेलं होतं. पण मग फोन स्पीकरवर टाकला आणि आईपुढे धरला.

"थांबा हं दादा," आई म्हणाली. पाटावरून खाली उतरली, तो पायाने बाजूला सारला, भिंतीशी जाऊन उभी राहिली. दोन्ही हात पुढे घेऊन हवेतच एकदा पीठ मळून बघितलं.

"अहो," तिने बाबांना हाक मारली, "खडू आणा तुमचा."